केळशीकर बाई आणि त्यांचे पाहुणे

डोंगर चढताना माणसं पाठीवर सॅक घेतात, हातात काठी घेतात. केळशीकर बाई काखेत पाट घेत. साधासुधा, जेवायला बसायचा सागवानी पाट. चार कोपऱ्यांना पितळी फुलं होती, त्यातलं एक कधीच पडून गेलेलं. धसईच्या एसटी स्टँडवर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कुणाच्या तरी मुंजीला निघाल्यात असंच मला वाटलं. मी शोधत होतो एका संशोधक मॅडमना, आणि संशोधक मॅडम म्हणजे गॉगल आणि कॅमेरा अशी माझी समजूत. शेवटी त्यांनीच मला हाक मारली, "आटगावचा का रे तू? ये. छत्री आणलीस, डबा आणलास, आणि बसायला काय आणलंस?" मी काहीच आणलं नव्हतं. "म्हणजे दिवसभर उभा राहणार," त्या म्हणाल्या आणि एसटीत चढल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कल्याणच्या कॉलेजातून वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि घरी बसलो होतो. बाई निवृत्त प्राध्यापिका. एका छोट्या संस्थेमार्फत वनखात्याची रीतसर परवानगी काढून त्या मुरबाडच्या डोंगरात दर पावसाळ्यात चार-पाच मुलामुलींना घेऊन काम करत. दुर्मिळ झाडं आणि त्यांच्या फुलांवर येणारे किडे, असा विषय. आम्हाला इंटर्न म्हणत. घरी सांगितलं तर वडिलांनी विचारलं, "म्हंजे काय?" म्हटलं, "शिकाऊ." "काय शिकनार?" म्हटलं, "फुलावर माशी कशी बसते ते." वडिलांनी ताट जवळ ओढलं. आईच म्हणाली, "बसते ती बसते. त्यात शिकायचा काय?" प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर मला पुरते दोन पावसाळे मिळालं नाही.

धसईच्या पुढे जिथे एसटीचा रस्ता संपतो, तिथून वर एक वाडी आणि वाडीच्या वर वनखात्याचा मोठा मोकळा माळ. उन्हाळ्यात बघाल तर नुसता कातळ आणि करपलेलं गवत. पावसात मात्र त्या गवतातून खरपुडी वर येई. खरपुडी म्हणजे दोऱ्याएवढा बारीक वेल, जमिनीखाली त्याचा कांदा. फूल असं की पहिल्यांदा पाहिल्यावर मी वेड्यासारखा हसलो होतो. खाली फुगीर, मधे नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून झालेलं छप्पर. हुबेहूब कंदील. आजूबाजूच्या डोंगरांवर आम्ही पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडलो. ही खरपुडी या एका माळावरच शिल्लक होती.

या कंदिलात एक चिलटाएवढी माशी शिरते. नळीच्या आत केस असतात, सगळे खाली वळलेले. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. दुसऱ्या दिवशी केस सुकतात, फूल मान टाकतं, आणि माशी अंगाला पराग घेऊन बाहेर पडते. ती दुसऱ्या फुलात गेली तर शेंग धरते. नाही गेली तर नाही. सगळ्या वेलाचा वंश त्या चिलटावर. बाई त्याला माशी म्हणतच नसत. पाहुणा म्हणत. प्रत्येकाने एका वेलासमोर दिवसभर बसायचं, आणि बाई माळाच्या दुसऱ्या टोकाकडून आपल्या खणखणीत आवाजात विचारणार, "पाहुणा आला का?" आम्ही ओरडणार, "नाही!" त्यांच्या त्या ओरडण्यानेच पाहुणे पळत असतील अशी आमच्यातल्या मुग्धाला दाट शंका होती.

मुग्धा दादरची. हुशार, आणि हाताने चुळबुळी. एकदा तिने काडीने फुलाचं तोंड जरा उघडून पाहिलं. बाईंनी लांबूनच ओळखलं. "मुग्धे, आपण यजमान नाही, शेजारी आहोत. शेजाऱ्याने खिडकीतून बघायचं. पाहुण्याला चहा विचारायला जायचं नाही." मग आमच्याकडे वळून, "आणि सगळंच बघायला मिळेल असंही नाही. आपल्या शेजारणीकडे कोण येतं ते तरी आपल्याला कुठे सगळं कळतं?" मी म्हटलं, "आमच्या आटगावात कळतं." त्या इतक्या हसल्या की पाटावरून घसरल्या.

वाडीतली हिराबाय त्या माळावरून जळणाच्या मोळ्या आणायची. चाळिशीची, काटक, आणि तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच आठवड्यात ती बाईंसमोर थांबली. भर पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन एक म्हातारी पाटावर बसलेली, समोर ना चूल ना ताट.

"काय गो बाय, कोनाची वाट बघतेस?"

"पाहुण्याची."

"हितं? कोन पावना?"

"माशी."

हिराबायने मोळी खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवून ती हसत सुटली. "आमच्या घरात येऊन बस की मंग! वाट बगाय नको लागायची." संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीत बाईंचं नाव 'माशीवाली बाय' पडलं. बाईंना ते नाव पदवीपेक्षा जास्त आवडलं. कुणी विचारलं की स्वतःच तशी ओळख करून देत.

दुपारचं जेवण हिराबायच्या ओटीवर असे. बाईंचं खाण्यावर अतोनात प्रेम. नाचणीची भाकर, कुर्डूची भाजी, सुकटीची चटणी, जे येईल ते त्या बोटं चाटूनपुसून खात, आणि वर पुन्हा मागून घेत. मुग्धाच्या घशाखाली नाचणी उतरेना. एकदा तिने अर्धी भाकर गुपचूप कुत्र्याला घातली. बाईंनी तिथे काही म्हटलं नाही. माळावर गेल्यावर मात्र सगळ्यांना उभं केलं. "ऐका. दारी आलेल्याला पाट द्यायचा, आणि पाहुणे म्हणून गेलात तर पानात पडलेलं टाकायचं नाही. हे एवढं ज्याला येतं त्यालाच मी पुढचं वनस्पतीशास्त्र शिकवते." मुग्धा रडली. दुसऱ्या दिवशी तिने दीड भाकर खाल्ली आणि दुपारभर उचक्या देत बसली.

त्याच पावसाळ्यात कळलं की वनखातं त्या माळावर रोपवन करणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात खड्डे, मग झाडं. सगळा माळ उकरला जाणार. बाईंची झोप उडाली. पण त्या भांडायला गेल्या नाहीत. त्या बेसनाचे लाडू घेऊन रेंज ऑफिसात गेल्या. अधिकाऱ्यांची स्तुती करण्यात बाईंना कसलीही लाज नव्हती. "साहेब, तुमच्यासारखा जंगलाची जाण असलेला माणूस या खुर्चीत आहे म्हणून मी आले," असं त्या ज्या तोंडाने म्हणत, ते ऐकून मला खाली बघावं लागे. बाहेर आल्यावर सांगत, "जमीन सरकारी, म्हणजे तुझी, माझी, हिराबायची. पण किल्ली साहेबांकडे. किल्लीवाल्याशी गोड बोलावं."

साहेब माणूस बरा होता. "मॅडम, मोकळ्या माळावर झाडं लावतोय, आणि तुम्ही झाडवालेच नको म्हणता?" हे त्यांचं कोडं खरंच होतं. बाईंनी त्यांना एक दिवस माळावर नेलं आणि आपल्या पाटावर बसवलं. युनिफॉर्ममधला तो धिप्पाड गृहस्थ मांडी घालून कंदिलासमोर बसला. बाई शेजारी गवतात. तास गेला, दीड तास गेला. मग एक चिलट आलं, कडेवर फिरलं आणि आत शिरलं. साहेबांनी श्वास रोखून विचारलं, "बाहेर कधी येणार?" बाई म्हणाल्या, "उद्या." साहेब मोठ्याने हसले. जाताना शब्द देऊन गेले, रोपवन खालच्या उतारावर करू, माळाला हात लावणार नाही. आणि तसा लेखी आदेशही त्यांनी काढला.

बाईंचा आनंद काय वर्णावा! त्या दिवशी त्यांनी आम्हाला धसईच्या खानावळीत पोट फुटेपर्यंत जेवू घातलं. मग पावसाळा सरला, गवत पिवळं पडायला लागलं आणि वेल सुकून जमिनीत जायला लागले. उन्हाळ्यात जागा हरवू नये म्हणून बाईंनी युक्ती काढली. प्रत्येक खरपुडीशेजारी चुन्यात बुडवलेला एक दगड. "पांढरा लांबून दिसतो. कुणी चुकून पाय देणार नाही, कुणी उकरणार नाही." आम्ही सगळ्यांनी हात पांढरे होईस्तोवर दगड मांडले. शेवटी बाई कमरेवर हात ठेवून माळाकडे बघत राहिल्या. रांगोळी काढून झाल्यावर बाया बघतात तशा.

मे महिन्यात आम्ही पुन्हा वर गेलो. बाई, मुग्धा आणि मी.

माळावर खड्डे होते. सगळीकडे नव्हते. जिथे जिथे आमचा चुन्याचा दगड होता, नेमका तिथे तिथे. चौकोनी, नीट काढलेले, कडेला मातीचा ढीग आणि ढिगावर तो पांढरा दगड ठेवलेला.

झालं होतं असं की, रोपवनाचे खड्डे जिथे काढायचे तिथे खातं चुन्यानेच खूण करतं. या भागातल्या प्रत्येक मजुराला ते ठाऊक. खालच्या उताराचं काम संपल्यावर मुकादमाला वर माळावर पांढरं दिसलं. साहेबांनी खुणा करून ठेवल्यात, म्हणजे तेही काम आपलंच, असं समजून त्याने वाडीतल्या बायांना वर नेलं. मुकादम आमच्यासमोर हात जोडून उभा होता. "मॅडम, चुना तिथं खड्डा. दुसरा आमाला काय म्हाईत?" कुणाला बोल लावणार? साहेबांनी शब्द पाळला होता, मुकादमाने काम चोख केलं होतं, बायांनी खड्डे उत्तम काढले होते.

बाई एका खड्ड्याच्या काठावर मातीत बसल्या. पाट काखेतच राहिला होता. मुग्धा रडायला लागली तशी त्या एवढंच म्हणाल्या, "चुना माझा होता गं." ढिगावरचा पांढरा दगड उचलून त्यांनी मांडीवर घेतला.

उतरताना हिराबायने ओटीवरूनच हाक मारली. "आलीस? बरा झाला! तुज्यासाठी मुद्दाम ठेवलंय." तिने आत जाऊन ताटली आणली. ताटलीत मिठाच्या पाण्यात उकडलेले पांढरे कांदे होते. मला ओळखायला वेळ लागला नाही. खड्डे काढताना निघालेली खरपुडी बाया पदरात घालून घरी घेऊन आल्या होत्या. वैशाखात रानात दुसरं मिळतं काय? पोरांना तर ती खाऊसारखी. आणि हिराबायने त्यातली थोडी बाजूला काढून ठेवली होती, कारण माशीवाल्या बायला खाण्याची आवड.

मुग्धाने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघेही बाईंकडे बघत होतो. ज्या झाडासाठी ही बाई साहेबांच्या दारात लाडूचे डबे घेऊन उभी राहिली, तेच झाड आता तिच्यापुढे ताटलीत होतं, आणि हिराबाय कौतुकाने वाट बघत होती.

बाईंनी पाट मांडला, त्यावर बसल्या, आणि एक कांदा उचलून तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. म्हणाल्या, "गोड आहे गो."

मग दुसरा घेतला. ताटलीत काही ठेवलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलंही नाही.

"तिखट नाय, काय नाय, मंग डोल्यात पानी कशाला?" हिराबाय घाबरली. तेव्हा कुठे बाईंनी सांगितलं. हिराबायला दया-माया राहू दे, आधी राग आला. "मंग तवाच नाय बोलायचा? पावसालाभर माशी माशी करत बसलीस. आमाला वाटला तुला माशी पायजे. कांदा पन पायजे ह्या कवा बोललीस तू?"

बाई म्हणाल्या, "तुझ्या घरी जेवते. तू काय खायचं आणि काय नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

हिराबायने ताटली बाजूला सारली. मग ओटीच्या पायरीवर उभी राहून तिने अशी आरोळी ठोकली की वाडीतली कुत्री भुंकायला लागली. "ए गो! कोनाकडं खरपुडी उरलीय? शिजवू नका! माशीवाल्या बायची हाय ती!"

हिराबायने आपल्या चुलीजवळचे न शिजवलेले कांदे काढले, आणि बाया आल्या. कुणी सुपातून, कुणी पदरातून, कुणी पोराच्या हातातून ओढून. पुष्कळ खाऊन झाली होती. "माज्या पोरांनी कालच फस्त केला गो," असं म्हणत एक जण नुसतीच येऊन उभी राहिली. एका आजीने दातांच्या खुणा असलेला अर्धा कांदा आणून दिला, तोही बाईंनी दोन्ही हातांनी घेतला. जितकी गेली होती त्याच्या मानाने थोडीच परत आली. पण आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाया आणि आम्ही वर गेलो. जिने आणली तिनेच लावायची, असं हिराबायने ठरवून टाकलं. खड्डे बुजवले. मी सवयीने म्हटलं, "खुणेला काही..." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य तोंडातच विरलं. हिराबाय म्हणाली, "खुना कशाला रे? जिनं लावला तिला म्हाईत. ती बोरीखालची माजी."

त्या पावसाळ्यात पानं आली, किडकिडीत. फूल एकही नाही. "रुसलेत," बाई म्हणत. "उपटल्यावर तूही रुसशील." त्या रोज पाट घेऊन बसत, फूल नसलेल्या वेलासमोर. त्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चढण बंद केली. जून लागता लागता त्यांनी मला कल्याणला घरी बोलावलं आणि पाट माझ्या हातात दिला. "तू ने. मला इथे सोफा आहे." त्या सोफ्याबद्दल त्यांना किती तिटकारा होता हे मला माहीत होतं.

धसईच्या बाजाराच्या दिवशी मी खाली उतरून एसटीडी बूथवरून फोन करायचो. नमस्कार-चमत्कार काही नाही, पलीकडून थेट प्रश्न, "पाहुणा आला का?" मी म्हणायचो, "बाई, अजून घरच बांधून व्हायचंय." मग श्रावणात एका सकाळी बोरीखाली हिराबायच्या वेलाला कंदील लागला, चार पावलांवर दुसऱ्या वेलाला आणखी एक. मी पाट मांडून बसलो. दुपारी चिलट आलं आणि आत शिरलं. मी बाजाराची वाट पाहिली नाही, धावतच धसईला उतरलो.

"आत गेला, बाई!"

पलीकडे श्वास ऐकू येत होता. "बाहेर?"

"अजून नाही."

"येईल. त्याला घाई करू नकोस. मी पण थांबते."

दुसऱ्या दिवशी फुलाने मान टाकली, पाहुणा बाहेर आला, आणि नेमकी तेव्हाच सर आली. पावसात तो कुठे गेला ते मला दिसलं नाही. फोनवर बाईंनी विचारलं, "दुसऱ्या फुलात गेला का?" मी म्हटलं, "दिसलंच नाही हो बाई." मला रडूच कोसळायचं बाकी होतं. त्या थकलेल्या आवाजात हसल्या. "आपण शेजारी रे. शेजाऱ्याला सगळं कसं दिसेल?"

नवरात्रात बाई गेल्या. मी पाट परत द्यायला गेलो तेव्हा त्यांची धाकटी बहीण म्हणाली, ताईने सांगून ठेवलंय, तो पाट घरी आणायचा नाही.

दसऱ्यानंतर मी तो घेऊनच वाडीवर गेलो. वाटभर शब्द जुळवत होतो. हिराबाय मला बघताच विळा टाकून पुढे आली आणि काही बोलू न देता, ओढतच माळावर घेऊन गेली. "बघ रे, बघ!" चार पावलांवरच्या त्या दुसऱ्या वेलाला एका देठावर दोन लांब, बारीक शेंगा धरल्या होत्या, कोवळ्या पाडसाच्या शिंगांसारख्या. "पावना आलता! बायला सांग, पावना तिच्या घरी येऊन गेला म्हनावा."

तेव्हा मी सांगितलं. "हिराबाय, बाई गेल्या."

ती खाली बसली. वारा गवतावरून जात होता आणि त्या शेंगा हलत होत्या. मग तिने माझ्या काखेतला पाट काढून घेतला, वेलासमोरचं गवत हाताने दाबून तिथे मांडला, आणि पदराने स्वच्छ पुसला. मी तिला बसायला जागा करून दिली. ती बसली नाही. मी बसायला गेलो तर तिने मला दंडाला धरून मागे ओढलं.

"तू खाली बस रे," ती म्हणाली. "तो तिचा हाय."

आम्ही दोघं पाटाच्या दोन बाजूंना गवतात बसलो.